सातवाली जेवली का?

आमची जुनी घरमालकीण गेली तेव्हा माझी लेक पुण्याहून मिळेल त्या गाडीनं आली, लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी बसवलेल्या त्यांच्या देहाच्या पायांशी बसली आणि अशी रडली, की आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीतल्या बायका स्वतःचं रडणं थांबवून तिला धरायला धावल्या. मी दाराशी उभी होते. वाईट मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त एक विचार डोक्यात घोळत होता, आणि तो सांगण्यासारखा नसला तरी सांगते. मी गेल्यावर ही पोरगी माझ्यासाठी एवढी रडेल का? गेलेल्या माणसाचाही हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी.

हेवा जुनाच होता. सहा वर्षं आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो आणि सहाही वर्षं मी त्यांच्यावर जळत होते. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या अभ्यासाचा विषय लोकप्रिय माध्यमांतली स्त्रीप्रतिमा. मालिकांत, जाहिरातींत, सिनेमात बाई कशी दाखवतात आणि ते बघून घरोघरच्या बायकांचं काय होतं, यावर मी कधीही तासभर बोलू शकते. बोलतेही. तेवढ्या वेळात समोरच्या बाकांवरची मुलं चाळीस-पन्नास रील बघून घेतात. घरमालकीणबाई सातवी नापास. पण रोज संध्याकाळी सात ते साडेआठ त्या याच विषयावर बोलायच्या आणि गल्लीतल्या दहा-बारा बायका जागच्या हलायच्या नाहीत. आता मला सांगा, जळू नको तर काय करू?

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद. अंगावर इरकली, कपाळभर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. आवाज असा, की त्यांनी खाली हाक मारली की वर माझ्या हातातली पळी थांबायची. नवरा बऱ्याच आधी गेलेला, मुलगा हुबळीला. सगळी गल्ली त्यांना 'अव्वा' म्हणायची. कानडीत अव्वा म्हणजे आई. मी मात्र हट्टानं 'मालकीणबाई' म्हणत असे. मला आई होती, टेंभुर्णीला, चांगली धडधाकट. दुसरीची गरज नव्हती.

भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी दहाला विचारायच्या, दुपारी चारला विचारायच्या, पोस्टमनला विचारायच्या. एकदा लाइट तोडायला आलेल्या माणसाला विचारलं आणि तो बिचारा लाइट न तोडताच भाकरी खाऊन गेला. मला जिन्यात रोज विचारायच्या. मी रोज "झालं" म्हणून दोन-दोन पायऱ्या गाळत निघून जायची. कॉलेजला उशीर झालेल्या बाईला हा काय प्रश्न झाला?

त्यांचा टीव्ही खालच्या पुढच्या खोलीत. त्यावर भरतकामाचा रुमाल. बरोबर सातला तो रुमाल काढून त्याची चार पदरी घडी मांडीवर ठेवायच्या. रिमोट आणला त्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत, बटणं पिशवीवरूनच दाबायच्या. मालिकांतल्या बायकांची नावं त्यांना पाठ होत नसत, की मुद्दामच करत नसत, कोण जाणे. सातच्या मालिकेतली सून ती सातवाली, साडेसातची ती साडेसातवाली आणि आठची ती आठवाली. "सातवालीला सासूनं आज परत रडवलं," असं त्या भाजीवालीलाही सांगायच्या आणि भाजीवालीला ते बरोबर कळायचं.

मालिका चालू असताना त्या गप्प बसत नसत. सातवाली झोपेतून उठली की म्हणायच्या, "बगा, रातभर बिंदी हालली न्हाय. मेलेली निजती का काय अशी?" आठवाली ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती. तिच्याबद्दल एक दिवस म्हणाल्या, "ही कामाला जाती म्हनं. चार म्हैनं झालं बगती मी, हिनं एक कागद लिवल्याला न्हाय. नुसती पर्स धरून रडाया जाती तितं." बायका हसून लोटपोट. मी हे वरून, जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकायची. हीच गोष्ट मी 'नोकरदार स्त्रीच्या श्रमाचे अदृश्यीकरण' या नावानं वर्गात सांगितली होती. तेव्हा एका मुलीनं जांभई दिली होती.

पण त्यांचा खरा शोध दुसराच होता. सातची मालिका सुरू होऊन बरेच महिने झाले होते. त्या घरात जेवणाचं टेबल एवढं मोठं, की त्यावर आमच्या गल्लीची पंगत बसावी. रोज सातवाली वाढतेय, रोज कुणीतरी ताटावरून उठतंय, रोज हिच्या डोळ्यात पाणी. एक दिवस मालकीणबाईंनी पिशवीतला रिमोट दाबून आवाज बंद केला आणि बायकांना विचारलं, "ही पोरगी जेवताना कुनी बगितली का गं?"

कुणीच बघितली नव्हती. मग साडेसातवालीचा विचार झाला. आठवालीचा झाला. एकीनं आठवण काढली, की आठवालीनं एकदा घास उचलला होता, पण तेवढ्यात फोन आला. "आन् ती काळ्या साडीतली कळलावी? सातवालीची जाऊ?" मालकीणबाई म्हणाल्या. "ती कवा बी बगा, खात असती. सफरचंद खाती, द्राक्षं खाती, सोफ्यावर बसून बदाम खाती. म्हंजे कसं बगा, जी जेवती ती वाईट. चांगली बाई उपाशी."

मी कठड्यावर होते, ती तरातरा आत निघून गेले. हे मला का सुचलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फर्मान काढलं. मालिका बघायला यायचं तर आपापलं ताट वाढून, झाकून आणायचं आणि इथं बसून गरम गरम जेवायचं. जी जेवणार नाही तिनं मालिकेवर बोलायचं नाही. "उपाशी तोंडानं माज्या घरात कुनी बोलायचं न्हाय," असा नियम. आमच्याकडच्या घरांत ही गोष्ट साधी नव्हती. पुरुष जेवल्याशिवाय, पोरं जेवल्याशिवाय बाईनं ताट घेतलेलं मी माझ्या माहेरीही पाहिलं नव्हतं. पण बायका आल्या. आधी दोघी, पदराखाली ताट लपवून. त्यातली एक विड्या वळणारी शेजारीण होती, तेलुगू बोलणारी, अंगानं काडी. ती पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जेवली. महिन्याभरात दारापुढं दहा-बारा चपलांचे जोड दिसायला लागले. सातवाली पडद्यावर वाढत असायची आणि इकडं आमच्या गल्लीतल्या बायका ज्वारीची कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात तिला बोल लावायच्या.

एकदा त्या विडीवालीचा नवरा तक्रार घेऊन आला. "अव्वा, माजी बायको हितं जेवून येती, मग मला वाढती. हे बरं दिसतं का?"

"वाढाया अंगात ताकद नको व्हय रे?" मालकीणबाई म्हणाल्या. "तू जेवलास का? ऊटा आतेन?"

तो नाही म्हणाला. त्यांनी त्यालाही ताट दिलं आणि बायकांच्या मध्ये बसवलं. तो खाली मान घालून जेवला, आठवालीचा पूर्ण भाग बघून गेला आणि पुन्हा तक्रार घेऊन आला नाही.

आता माझी हकिगत ऐका. याच सुमारास मी माझ्या शोधनिबंधासाठी प्रश्नावली तयार केली होती. प्रश्न सत्तावीस. गल्लीतल्या बायकांकडून भरून घ्यायची होती. सुरुवात मालकीणबाईंपासून केली. वही, पेन घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "मालिकांमधील स्त्रीचित्रणाबाबत आपलं मत काय?"

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ते वास्तववादी वाटतं का?"

"व्हय."

"त्याचा आपल्या कुटुंबावर काही परिणाम?"

"न्हाय बा." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "प्रोफेसरबाई, ऊटा आतेन?"

"झालं," मी म्हणाले आणि वही मिटली. सत्तावीस प्रश्नांत एक वाक्य हाती लागलं नव्हतं. वर जाते तोवर खालून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, माझ्यावरच. आता वाटतं, तसं नसावं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही बाई विसरूनही गेले असते. पण माझी एकुलती एक लेक, तेव्हा अकरावीला, तिला मालकीणबाईंचं भलतंच वेड. क्लासवरून पाचला आली की वर न येता खालीच. दप्तर त्यांच्या खोलीत, गप्पा त्यांच्याशी. त्या तिला 'पुट्टी' म्हणायच्या, म्हणजे छकुली. सोळा वर्षांची घोडी ही, पण पुट्टी म्हटलं की विरघळायची. मी 'सोन्या' म्हटलं की म्हणायची, "आई, प्लीज." तीही त्यांना अव्वा म्हणायची. मी तिला दोनदा सांगितलं, आजी म्हण. "सगळे अव्वाच म्हणतात की," ती म्हणाली. सगळे म्हणोत, तुझी अव्वा वर स्वयंपाक करतेय ना, हे ओठांपर्यंत आलं होतं.

पाचला जा, पण सातला नाही, असा मात्र माझा कडक नियम होता. मालिका बघायच्या नाहीत. माझ्यासारख्या जाणत्या आईच्या मुलीनं त्या रडक्या बायका बघून काय शिकायचं? सातला तिनं वर, तिच्या खोलीत, अभ्यासाला बसायचं. ती बसायची. हातात फोन असायचा. अभ्यासाचे व्हिडिओ असतात ना हल्ली.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी बारीक आहे. पहिल्यापासून. स्टाफरूममध्ये बायका म्हणतात, "मॅडम, तुम्ही अजून कॉलेजातल्याच वाटता," आणि मी नको नको म्हणते, पण आवडतं. टेंभुर्णीला चुलतभावाच्या लग्नात माझी एक मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आई बग कशी शेंगंवानी, आन् लेक भोपळा." सगळे हसले. लेकही हसली. मीही हसले. मी हसले हे मला फार उशिरा आठवलं.

लग्नाहून आल्यावर पोरगी हळूहळू उतरायला लागली. वाढीचं वय, अभ्यासाचा ताण, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात. सकाळच्या गाडीनं जायचा, रात्री साडेआठला यायचा, त्याला पोरगी रविवारीच दिसायची. आणि खरं सांगू? ती जरा उतरली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. निळा कुर्ता छान बसायला लागला होता तिला. मी तसं म्हणालेही.

तेवढ्यात विद्यापीठाच्या एका चर्चासत्राचं आमंत्रण आलं. प्रश्नावली तर कोरीच होती. मग मी काय केलं असेल? कठड्यावरून ऐकलेलं सगळं लिहून काढलं. नायिका जेवत नाही, खलनायिका खाते, बिंदी हलत नाही, ऑफिसातली बाई कागद लिहीत नाही. शीर्षक दिलं, 'उपाशी नायिका'. मालकीणबाईंचं नाव कुठंही नाही. 'निरीक्षणांती असे आढळून आले' असं लिहिलं. आढळलं होतं कुणाला, हे लिहिलं नाही.

निबंध फार गाजला. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत असताना कुणी फोनकडे बघितलं नाही. पुण्याहून आलेल्या एक मोठ्या बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, किती साधं आणि किती भयंकर. हे तुम्हाला सुचलं तरी कसं?" मी म्हणाले, "बघत असते." मग फोन काढला. आवाज बंद ठेवला होता. लेकीच्या क्लासचे सहा फोन येऊन गेले होते.

ती क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती. क्लासच्या फॉर्मवर दुसरा नंबर होता तो घरमालकिणीचा. मी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडे आतल्या कॉटवर लेक पडली होती. कपाळाला टेंगूळ आलेलं, हाताला सलाईन. शेजारी स्टुलावर मालकीणबाई. दुधात भाकरी कुस्करून चमच्यानं तिला भरवत होत्या आणि ती लहान बाळासारखं तोंड उघडत होती. माझ्या हातात चर्चासत्राचा पुष्पगुच्छ होता. तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

डॉक्टर म्हणाले, "दोन-अडीच महिने नीट जेवत नाहीये ती. डबा मैत्रिणींना देते. सकाळी पाणी, रात्री दोन घास. फोनवर कुणाकुणाचं बघून करतात हल्ली मुली. तुम्हाला घरात कळलं नाही?"

सकाळीच मी याच विषयावर टाळ्या घेतल्या होत्या.

घरी आल्यावर लेकीला निजवलं आणि मी खाली गेले. भांडायलाच गेले. माणसाला स्वतःची लाज वाटली की तो दुसऱ्याच्या दारात जातो, तशी. "तुमच्याकडे रोज यायची ती," मी म्हणाले. "तुम्हाला कळलं असणार. मला एका शब्दानं सांगितलं नाही?"

त्या चटणी कुटत होत्या. मुसळ थांबलं. "शंका आल्ती. रोज इचारत व्हते पोरीला, ऊटा आतेन. झालं म्हनायची. काय तर हातावर ठिवलं तर म्हनायची, आईनं डबा दिलाय. हुबेहूब तुमच्यावानी बोलायची."

"म्हणजे?"

"तुमाला बी रोज इचारते की. तुमी बी झालंच म्हनता."

मी वर आले. त्यांच्या उखळाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढचे महिने वाईट गेले. असली गोष्ट एका दिवसात सुटत नाही, वर्षभर पुरली ती आम्हाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला एकटीला जेवू देऊ नका, कुणाच्या तरी संगतीत जेवू दे. मी तिच्यासमोर बसायला लागले. तिचं ताट वाढून, हाताची घडी घालून, घासाघासावर नजर ठेवून. ती भात चिवडायची. मी "खा ना" म्हणायची. ती अजून चिवडायची. शेवटी तिनंच विचारलं, "मी सातला खाली जाऊ?" माझा नियम मी मोडला. खाली ती मालकीणबाईंच्या ताटातली अर्धी भाकरी खायची. मग पाऊण. खालून वर येताना तिच्या हाताला शेंगाचटणीचा वास यायचा आणि मी तो वास घेऊन आत जाऊन भांडी आपटायची. पोरगी जेवली याचा आनंद व्हायला हवा होता की नाही? होत होता. पण माझ्या हातचं नाही जेवली, हे आधी टोचायचं आणि आनंद मागून यायचा.

मग मी चढाओढीला उतरले. धपाटे केले, शेंगापोळ्या केल्या, युट्यूबवर बघून पिझ्झाही केला. ताटं तशीच परत. एका मंगळवारी तिच्या आवडीचं भरलं वांगं, गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, असं ताट सजवलं आणि ठरवलं, की आज हे घेऊन आपणच खाली जायचं, सगळ्या बायकांदेखत तिच्यासमोर ठेवायचं. बघू कुणाचं खाते.

साडेसहा वाजले होते, बायका अजून आल्या नव्हत्या. जिन्याच्या मधल्या वळणावर आले तर खालून लेकीचा आवाज आला. ती काहीतरी वाचून दाखवत होती. दोन ओळींत मला कळलं, की तो माझाच निबंध. चर्चासत्राचं पुस्तक छापून आलं होतं, टेबलावर पडलं होतं. "'निरीक्षणांती असे आढळून आले,'" ती वाचत होती, "'की मालिकेतील आदर्श स्त्री ही अन्न वाढते, परंतु ग्रहण करीत नाही.'" मी तिथंच वळणावर थांबले.

वाचून झालं. मी वाट बघत होते, आता त्या म्हणतील, हे तर माजं बोलणं. चोरलं की तिनं. त्यांनी तसं म्हणावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणजे मग मला त्यांचा राग तरी नीट करता आला असता.

"लई झ्याक लिवलंय," त्या म्हणाल्या. "शिकल्याली बाई हाय. आपल्याला कुटं येतंय असं."

"पण अव्वा, हे तुम्हीच—"

"असू दे गं. चांगलं बोलनं कुनाच्या का तोंडानं जाईना." मग म्हणाल्या, "पुट्टी, एक सांग. तुजी आई कवा जेवती?"

लेकीनं पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"आटव की. बगितलंस कवा, बसून जेवताना?"

"बसून नाही," लेक म्हणाली. "बाबांचं झालं की ओट्याशी उभं राहून खाते काहीतरी. उरलेलं. कधी नुसता चहा. तिला भूकच लागत नाही, अव्वा. म्हणून तर ती एवढी बारीक आहे. मला वाटायचं, मलाच एवढी भूक का लागते? माझ्यातच काहीतरी वाईट आहे."

झाकण वाजू नये म्हणून मी ताट छातीशी धरलं.

"सातवाली साडेसातला बंद हुती," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. "आईला बटन न्हाय गं पोरी. लेक आईला दिवसभर बगती. मी या घरात आले तवा चौदा मानसं. सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात काय असंल ते माजं. एक दिवस काय बी नव्हतं. चटनीचं बोट चाटून वर पानी पिले आन् सासूला सांगितलं, झालं. सासू म्हनली, गुनाची हाय. मग ते रोजचंच झालं. लोक गुनाची म्हनत्यात, आपन उपाशी मरतोय."

माझ्या सत्तावीस प्रश्नांना 'बरं हाय' म्हणणारी बाई हे माझ्या लेकीला सांगत होती. तशाही अवस्थेत मला तिचा हेवा वाटला, लेकीचा. मला का नाही सांगितलं? मग लक्षात आलं, की मी विचारलंच नव्हतं. त्यांनी मात्र मला पहिल्या दिवसापासून रोज विचारलं होतं.

मी उरलेल्या पायऱ्या उतरले. दारात उभी राहिले तशी लेक दचकली, पुस्तक तिनं मागं लपवलं. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या ताटाकडे बघितलं. बाकी काही विचारलं नाही, विचारलं ते नेहमीचंच.

"ऊटा आतेन?"

"नाही," मी म्हणाले. "नाही झालं, अव्वा."

'नाही' आणि 'अव्वा', हे दोन्ही शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच, आणि एकदमच गेले. त्यांनी मांडी सावरून सतरंजीवर जागा केली. इतकी वर्षं मला 'तुमी' म्हणणारी बाई म्हणाली, "मग बस की. ताट हाय की तुज्या हातात."

मी बसले. मला खूप काही सांगायचं होतं. निबंधाबद्दल, त्या लग्नातल्या हसण्याबद्दल, निळ्या कुर्त्याबद्दल. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "आदी घास. उपाशी तोंडानं माज्या घरात बोलायचं न्हाय."

मी झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला. लोणी वितळून बोटांवरून ओघळायला लागलं. सात वाजत आले असतील, बायका ताटं घेऊन येत होत्या, चपला काढत होत्या, मला बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. कुणीतरी टीव्हीवरचा रुमाल काढला. मी घास तोंडात घातला आणि मला कळलं, की मला भूक लागली आहे. साधीसुधी नाही, कित्येक वर्षांची लागावी तशी. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पडद्यावर सातवाली आली, डोक्यावर पदर, हातात आमटीचं भांडं.

तिच्याकडे कुणी बघत असेल नसेल. माझी लेक बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, ताटातून तोंडाकडे आणि तोंडातून परत ताटाकडे. अर्धी भाकरी संपली तेव्हा ती सरकत जवळ आली आणि न विचारता माझ्या ताटातला एक तुकडा मोडून घेतला.

"तिखट आहे," ती म्हणाली आणि दुसरा मोडला.

मी ताट तिच्या बाजूला थोडं सरकवलं. अव्वा आमच्याकडे न बघता सातवालीला शिव्या देत होत्या. लेकीनं चार-पाच घास खाल्ले, बोटं चाटली आणि माझ्या डोक्यावरून त्यांना म्हणाली, "अव्वा, तुमची चटणी द्या ना थोडी."

माझ्या भरल्या वांग्याला काय झालं होतं, ते मी आजतागायत तिला विचारलेलं नाही.